नको असलेला फोन नुसता ब्लॉक करू नका, त्याची तक्रार करा

मागच्या रमजानमधली गोष्ट आहे. सोलापूरच्या नई जिंदगी भागात राहणाऱ्या एका रिक्षावाल्या भाईंचे वडील दवाखान्यात भरती होते. सकाळपासून भाईंच्या मोबाईलवर लोनवाल्यांचे फोन चालू. "सर, आपका पाँच लाख का लोन अप्रूव्ह हो गया है." एक कट केला की दुसऱ्या नंबरवरून तेच, फक्त आवाज वेगळा. जोहरनंतर परत एक अनोळखी नंबर वाजला. भाईंनी कट केला. परत वाजला, तर वैतागून ब्लॉकच करून टाकला. तो फोन दवाखान्यातल्या वॉर्डातून होता. वडिलांसाठी रक्ताची सोय करायची होती आणि कागदावर सही हवी होती. मुलगा वेळेवर सापडला नाही म्हणून ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. वडील आता ठीक आहेत, अलहमदुलिल्लाह. पण भाईंच्या मनातून ती गोष्ट जात नाही. आम्हाला म्हणाले, "मी तर ब्लॉकच केला. सगळेच करतात."

खरंय, सगळेच करतात. त्यानंतर आम्ही ओळखीपाळखीच्या लोकांना विचारत सुटलो, की बाबांनो, असल्या फोनची कधी तक्रार केली आहे का? ब्लॉक केलेले सगळे निघाले. दोन-चार जणांनी समोरच्याला शिव्या दिलेल्या. तक्रार केलेला एकच माणूस सापडला, तोसुद्धा वकिलाकडे मुंशी. म्हणून हा लेख. कायद्याने आपल्या हातात काय दिलं आहे, ते वापरायचं कसं आणि त्यातून काय मिळतं, काय मिळत नाही, ते सरळ सांगतो.

ब्लॉक आणि तक्रारीत फरक काय

ब्लॉक केलेला नंबर फक्त तुमच्या मोबाईलपुरता बंद होतो. फोन करणाऱ्याला त्याचं काहीच नुकसान नाही. त्याच्याकडे सिमकार्डांचा गठ्ठा असतो, उद्या तो दुसऱ्या नंबरवरून बोलेल. आणि तुमच्या शेजाऱ्याला तर त्याच नंबरवरून बोलेल.

तक्रार मात्र मोजली जाते. टेलिकॉम नियामक प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला ट्राय म्हणतो, त्यांचा २०१८ चा एक नियम आहे. व्यापारी कॉल आणि एसएमएस यांच्याबाबत ग्राहकाची पसंती काय, यासंबंधीचा. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यात मोठी दुरुस्ती झाली. आधी एखाद्या बिगर-नोंदणीच्या नंबरवर कारवाई सुरू व्हायला सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या. आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरतात. पाच! एका गल्लीतल्या पाच घरांनी एकाच नंबरची तक्रार केली तरी तो आकडा भरतो. मोबाईल कंपनीला कारवाईसाठी आधी ३० दिवसांची मुदत होती, ती आता पाच दिवसांवर आली आहे.

आणि कारवाई म्हणजे नुसती समज देऊन सोडणं नाही. पहिल्या वेळी त्या माणसाच्या किंवा कंपनीच्या नावावरच्या सगळ्या नंबरांचे आउटगोइंग १५ दिवस बंद. पुन्हा तेच केलं तर सगळ्या मोबाईल कंपन्यांकडची त्याची कनेक्शनं एक वर्षासाठी तोडायची आणि नाव काळ्या यादीत टाकायचं. एका कंपनीकडून हाकलला आणि दुसरीकडून नवं सिम घेतलं, असं चालू नये म्हणून ही यादी सगळ्या कंपन्यांत फिरते.

यात ग्राहकाला पैसे मिळत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. ट्रायच्या नियमात मोबाईल कंपनीलाही दंड आहे. कंपनीने स्पॅमचे आकडे चुकीचे कळवले तर पहिल्यांदा २ लाख, दुसऱ्यांदा ५ लाख आणि त्यापुढे प्रत्येक वेळी १० लाख रुपये. पण तो पैसा तुमच्या खिशात येत नाही. नुकसानभरपाईचा रस्ता वेगळा आहे, त्याकडे पुढे येऊ.

१९०९ चा वापर

हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, सगळ्या कंपन्यांना तोच आहे. त्याची दोन कामं आहेत, आणि लोक ती एकमेकांत मिसळतात.

पहिलं काम डीएनडीचं, म्हणजे मला जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद करायचं. १९०९ ला फोन लावून सांगता येतं किंवा एसएमएस करता येतो. एसएमएसमध्ये इंग्रजीत 'स्टार्ट' हा शब्द लिहायचा, एक जागा सोडून शून्य टाकायचं आणि पाठवायचं. सगळ्या जाहिराती बंद. सगळ्या बंद नको असतील तर शून्याच्या जागी वेगळे आकडे आहेत. बँक, विमा, क्रेडिट कार्ड यांना १, जागा-फ्लॅटवाल्यांना २, शिक्षणाला ३, आरोग्याला ४, असं ८ पर्यंत जातं. मुलाच्या ॲडमिशनचे दिवस आहेत आणि कॉलेजांचे मेसेज हवेत, तर तेवढं चालू ठेवता येतं. नोंद झाली की उलट एसएमएस येतो. तो पुसू नका, पुढे पुरावा म्हणून लागतो. मोबाईल कंपनीच्या ॲपमध्येही ही सोय आहे आणि ट्रायचं स्वतःचं डीएनडी नावाचं ॲप आहे.

डीएनडी लावलं की बँकेचा ओटीपी बंद होईल, गॅस सिलिंडरचा मेसेज येणार नाही, अशी भीती आमच्या अम्मीच्या वयाच्या बायकांमध्ये फार आहे. तसं काही होत नाही. ओटीपी, पैसे जमा-वजा झाल्याचे मेसेज, सरकारी सूचना हे जाहिरातीत मोडत नाहीत, ते येतच राहतात. आता तर एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर दिसतं. 'पी' असेल तर जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार आणि 'जी' म्हणजे सरकार. घरातल्या बुजुर्गांना एवढं शिकवलं तरी खूप झालं.

दुसरं काम तक्रारीचं. कॉल किंवा मेसेज आल्यापासून सात दिवसांच्या आत ती करायची. पूर्वी तीनच दिवस मिळायचे, आणि त्यातच बहुतेकांचं राहून जायचं. एसएमएसने करायची असेल तर फोनवर काय बोलणं झालं ते एका ओळीत, मग स्वल्पविराम, ज्या नंबरवरून फोन आला तो नंबर, पुन्हा स्वल्पविराम आणि तारीख. हे १९०९ ला पाठवायचं. नकोसा एसएमएस आला असेल तर बोलण्याच्या जागी त्याचाच मजकूर टाकायचा. नाव-गाव-पत्त्याचा फॉर्म भरायची गरज नाही. उलट येणाऱ्या मेसेजमध्ये तक्रारीचा क्रमांक असतो. तो वहीत उतरवून ठेवा. आम्ही वही म्हणतोय कारण मोबाईल बदलला, हरवला की सगळं जातं.

डीएनडी लावलेलं नसेल तर तक्रार चालत नाही, असं अजूनही दुकानात बसलेले लोक सांगतात. २०२५ च्या दुरुस्तीनंतर हे अर्धंच खरं राहिलं आहे. साध्या दहा आकडी नंबरवरून, नोंदणी न करता जाहिरात करणाऱ्याविरुद्ध कोणीही तक्रार करू शकतो, डीएनडी असो वा नसो. नोंदणी केलेल्या टेलिमार्केटरविरुद्ध तक्रार करायची असेल तर मात्र तुमची पसंती आधी नोंदलेली हवी.

हे दोघे ओळखायचे कसे? आलेल्या नंबरची सुरुवात बघा. जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करायचे, असा नियम आहे. बँका, विमा कंपन्या यांनी खात्याच्या कामासाठी, म्हणजे सेवेसाठी फोन करायचा तर त्याला १६०० ची मालिका दिली आहे. रिझर्व्ह बँकेनेही जानेवारी २०२५ मध्ये बँकांना हेच कळवलं. म्हणजे साध्या मोबाईल नंबरवरून "मैं बैंक से बोल रही हूँ" असा जाहिरातीचा फोन आला, तर तो तिथेच नियमाबाहेर गेला.

"आपने ही तो परमिशन दिया था, सर"

तक्रार केली की कंपन्यांचं ठरलेलं उत्तर हेच असतं. आणि खेदाची गोष्ट अशी, की बऱ्याचदा ते खोटं नसतं.

मॉलमध्ये लकी ड्रॉची चिठ्ठी भरली. लग्नाच्या हॉलबाहेर फर्निचरवाल्याच्या स्टॉलवर नंबर दिला. उमराहच्या पॅकेजची चौकशी म्हणून पत्रकावरच्या नंबरला मिस कॉल दिला. लोनच्या ॲपवर "आय ॲग्री"चं बटण दाबलं. त्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की माझा नंबर डीएनडीवर असला तरी मला फोन करायला माझी हरकत नाही. ही संमती डीएनडीच्या वरचढ ठरते. म्हणून डीएनडी लावलं तरी फोन येतच राहतात, आणि लोक म्हणतात, डीएनडी काही कामाचं नाही.

पण दिलेली संमती परत घेता येते. नोंदणीकृत कंपन्यांच्या जाहिरातीच्या मेसेजमध्ये नकार कळवायची सोय ठेवणं आता सक्तीचं आहे. एकदा नकार दिला की ९० दिवस तीच कंपनी तुमच्याकडे पुन्हा संमती मागू शकत नाही. चौकशीपुरती दिलेली संमतीही फार दिवस चालत नाही. चालू व्यवहारासाठी दिलेल्या संमतीची मुदत सात दिवसांची. म्हणजे शाबानमध्ये एकदा भाव विचारला म्हणून जिल्हजपर्यंत रोज फोन, हे बसत नाही.

इथे एक सावधगिरी. नकार कळवायची सोय फक्त अक्षरांच्या नावाने आलेल्या, शेवटी 'पी' असलेल्या मेसेजमध्ये वापरा. साध्या दहा आकडी नंबरवरून आलेल्या मेसेजमधल्या लिंकवर नकार द्यायलाही जाऊ नका. "बंद करण्यासाठी ९ दाबा" असा रेकॉर्डेड आवाज आला तरी दाबू नका. पलीकडच्याला त्यातून एवढंच कळतं, की हा नंबर चालू आहे आणि माणूस ऐकतो आहे.

२०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला. त्यात लिहिलं आहे की संमती देणं जेवढं सोपं, तेवढंच ती परत घेणंही सोपं असलं पाहिजे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमतीबद्दलच्या मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. कायदा झाल्यावर चार वर्षं थांबायचं, हे आम्हाला पटलेलं नाही. तोपर्यंत काय? तोपर्यंत ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि तो कमी नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ता

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा म्हणजे काय, याची यादी आहे. त्यात एक कलम फार थोड्यांनी वाचलेलं असतं. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याने परवानगी नसताना दुसऱ्याला देणं, हीदेखील अनुचित व्यापार प्रथा आहे. तुम्ही एका ठिकाणी गाडी घेतली आणि आठवड्यात विमा, फायनान्स, सीट कव्हर अशा पाच जणांचे फोन सुरू झाले, तर नंबर कुठून गेला हा प्रश्न विचारायचा अधिकार इथून येतो.

ही लढाई नवी नाही. २००५ साली असल्या फोनविरुद्ध सुप्रीम कोर्टात जनहित याचिका दाखल झाली होती, आणि २००७ मध्ये 'फोन नको' म्हणणाऱ्यांची पहिली राष्ट्रीय यादी तयार झाली. त्याच काळात, २००६ मध्ये, दिल्लीच्या एका ग्राहक महिलेने राज्य ग्राहक आयोगात केस केली. आयोगाने नकोसे फोन म्हणजे ग्राहकाच्या खासगीपणावर घाला असल्याचं मानून मोठी रक्कम भरायला सांगितली. कंपन्यांची बाजू हायकोर्टात गेली. पुढे डिसेंबर २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा आदेश रद्द केला आणि सांगितलं की आयोगाच्या निकालाविरुद्ध कायद्याने अपिलाची जागा ठरवून दिलेली असताना ती सोडून थेट हायकोर्टात येता येणार नाही. साध्या ग्राहकासाठी ही मोठी गोष्ट होती, कारण बड्या कंपन्यांशी हायकोर्टात लढायची ताकद कोणाकडे असते?

एक अडचण मात्र बरीच वर्षं राहिली. मोबाईल कंपन्या म्हणायच्या, आमच्याविरुद्धची तक्रार ग्राहक मंचात चालतच नाही, त्यासाठी तारायंत्राच्या जुन्या कायद्यात वेगळी सोय आहे. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने हा मुद्दा फेटाळला. मोबाईल ग्राहकही ग्राहक आहे आणि तो ग्राहक आयोगात जाऊ शकतो.

मग जायचं कसं? आधी मोबाईल कंपनीकडे तक्रार, तिचा क्रमांक. तिथे समाधान झालं नाही तर कंपनीतच अपिलीय प्राधिकारी असतो, त्याच्याकडे अपील. ट्रायच्या ऑफिसला पत्र लिहून फायदा नाही, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं, आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की गुरुग्रामला. वकील लावायची सक्ती नाही. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मोबाईलचा रिचार्ज पाच लाखांचा कोण करतं! ऑनलाइनही दाखल होतं. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे.

आमचं प्रामाणिक मत सांगायचं तर, दोन-चार फोनसाठी आयोगात जाऊ नका. पण डीएनडीची नोंद आहे, पाच-सहा तक्रारी केल्यात, त्यांचे क्रमांक वहीत आहेत आणि तरीही कंपनीने काही केलं नाही, तर तुमची केस मजबूत आहे. कारण तुम्ही मोबाईल कंपनीला पैसे देता, म्हणून तिचे ग्राहक आहात. ज्या बँकेत तुमचं खातंच नाही ती फोन करत असेल, तर तिच्याविरुद्ध 'मी ग्राहक आहे' हे दाखवणं अवघड जातं. म्हणून केसमध्ये मोबाईल कंपनीला पहिलं ठेवायचं, असं आम्हाला वाटतं. कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळ, डीएनडीचा मेसेज, तक्रारींची उत्तरं, सगळं एकत्र ठेवा.

वसुलीचे फोन हे वेगळं प्रकरण

लोन घ्या म्हणणारा फोन आणि लोन भरा म्हणणारा फोन, दोन्हीला एक कायदा लागत नाही. वसुलीच्या फोनवर १९०९ चालत नाही. तिथे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. धमकी द्यायची नाही, नाव न सांगता फोन करायचा नाही, नातेवाईक-मित्रांना छळायचं नाही. बायकांच्या गटाला मिळणारी मायक्रोफायनान्सची कर्जं असतात, त्यांची वेळ आणखी कमी आहे, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. हे आमच्या मोहल्ल्यातल्या किती बहिणींना माहीत आहे? सेहरीच्या वेळेला दारात उभं राहून हप्ता मागितल्याच्या गोष्टी आम्ही ऐकल्या आहेत. कर्ज थकलं म्हणून माणसाचा आब जात नाही, कायदाही तसंच म्हणतो.

लोनच्या ॲपने तुमच्या मोबाईलमधली नावांची यादी, फोटो, कॉलची नोंद बघायलाच नको, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बघितली आणि तुमच्या मामूंना, मेहुण्याला फोन गेले, तर आधी त्या बँकेला किंवा फायनान्स कंपनीला लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. फोटो बिघडवून पाठवायची धमकी आली तर मात्र लोकपालाची वाट बघू नका, सरळ पोलीस. सायबर गुन्ह्यासाठी १९३०. बाईमाणसाला वारंवार फोन करून त्रास देणं, घाणेरडं बोलणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ आणि ७९ मध्ये येऊ शकतं, तिथे टेलिमार्केटिंगचा प्रश्नच उरत नाही.

फसवणुकीचा संशय असेल, पैसे गेले नसतील, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू नावाची सोय आहे. व्हॉट्सॲपवरून आलेले कॉलसुद्धा तिथे कळवता येतात. हे मुद्दाम सांगतो, कारण ट्रायचे नियम व्हॉट्सॲपला लागू नाहीत, १९०९ वर ती तक्रार घेतली जात नाही. आणि "ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार" असा फोन आला तर घाबरू नका. ट्राय कोणाचा नंबर बंद करायला फोन करत नाही. तो चोर आहे.

आपलीच माणसं अडकतात तेव्हा

ही बाजू लिहायची की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. लिहितोच.

आपल्या भागातली किती तरी पोरं-पोरी टेलिकॉलिंगची नोकरी करतात. बारावी झाली, पुढं शिकायला पैसे नाहीत, मुंब्रा-भिवंडीपासून संभाजीनगरपर्यंत अशी ऑफिसं आहेत. त्यातली काही सांगतात, सिम तुझ्या नावावर काढ, रिचार्ज आम्ही करू. पोरगं काढतं. पाच तक्रारी झाल्या की कारवाई कोणावर? ज्याच्या आधारवर सिम आहे त्याच्यावर. त्याचा स्वतःचा, घरचा, सगळा फोन बंद. मालक दुसऱ्या पोराला घेऊन बसलेला असतो. नोकरी करा, पण सिम कंपनीच्या नावावर असू द्या, एवढं ठाम सांगा. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथीवर बघता येतं. आपल्याकडे एका माणसाला नऊची मर्यादा आहे. न काढलेलं सिम दिसलं तर तिथेच कळवता येतं.

तसंच दुकानदारांचं. ईदच्या आधी कपड्याचा सेल, क्लासेसच्या ॲडमिशन, टूरवाल्यांच्या जागा. स्वतःच्या साध्या नंबरवरून हजार जणांना फोन आणि मेसेज करणारे आपल्यात कमी नाहीत. जुन्या गिऱ्हाइकाला खुशाली विचारणं वेगळं. यादी विकत आणून फोन लावत सुटणं हे नियमाने बंद आहे, आणि ज्या नंबरवर वीस वर्षांचा धंदा उभा आहे तोच नंबर जाऊ शकतो. मोबाईल कंपनीकडे व्यापारी पाठवणारा म्हणून नोंदणी करून घ्या, ती छोट्या दुकानालाही करता येते.

आणि फोनवरच्या पोरीला शिव्या देऊ नका. ती कोणाची तरी बहीण आहे, दिवसाला ठरलेले कॉल केले नाहीत तर तिचा पगार कापतात. शांतपणे विचारा, "बेटा, कोणत्या कंपनीतून बोलतेस?" नाव सांगितलं तर लिहून घ्या. फोन ठेवा आणि १९०९ ला मेसेज करा.

सोलापूरच्या त्या भाईंनी आता तसं सुरू केलं आहे. स्टँडवरच्या चार रिक्षावाल्यांनाही शिकवलं. आधी दवाखान्याचा, मुलीच्या शाळेचा आणि मालकाचा नंबर नावानिशी सेव्ह केला, मग डीएनडी लावलं. लोनवाल्याचा फोन आला की पाचही जण आपापल्या मोबाईलमध्ये तोच नंबर आहे का बघतात. असला तर पाच मेसेज जातात. मागच्या महिन्यात त्यातल्या एका तक्रारीवर कंपनीचं उत्तर आलं, नंबरवर कारवाई केली म्हणून. भाईंनी त्याचा स्क्रीनशॉट आम्हाला पाठवला आहे, खाली लिहिलं आहे, "एक गया."